तीर्थ कुठं खाण्यात धरतात?

छत्रपती संभाजीनगर
६ मे २०२५

हेमूदादा,

साष्टांग नमस्कार लिहायला बसलो, पण हात वळेना. माझ्या बापाच्या वर्षश्राद्धाला ज्याला अण्णांच्या जागी, पितृस्थानी बसवलं, तो भरल्या पानावरून उठून चालता झाला, त्याला कसला साष्टांग? चार वर्षं होतील आता. त्यानंतर तू पाचोडला बिऱ्हाड केलंस, माझा फोन उचलत नाहीस, आणि माझंही तुझ्यावाचून काही बिघडलेलं नाही. हे आधी नीट समजून घे, मग पुढचं वाच.

लिहितोय ते आईमुळं. ती म्हणाली, "माझ्या भावाच्या पोराला खबर दे, नाहीतर मी आज जेवत नाही." मी पोटचा पोरगा, तू भाचा. घशात अडकलं माझ्या, आणि आठवण काढतेय ती तुझी! असो. मातोश्री यमुनाबाईंपुढं कुणाचं चाललंय आजवर?

खबर अशी. अक्षय्य तृतीयेला सिडकोत एक वास्तुशांत होती. गेलो एकटाच. पूर्वी असल्या कामाला आपण दोघं असायचो, आता मांडणी मीच करतो, होम मीच करतो, ओरडायचंही मीच. पंगत बसली, श्रीखंड-पुरी. दुसऱ्याच घासाला पुरी छातीच्या मधोमध जाऊन बसली. वर येईना, खाली जाईना. पाणी प्यालो तर नाकातोंडातून परत. थुंकीसुद्धा गिळता येईना रे! यजमानीणबाई म्हणतात, "गुरुजींना ठसका लागला, गूळ द्या." मी सोवळ्यात मोरीपाशी वाकून उभा, आणि मागं सगळी पंगत ओरडतेय, "गुरुजी, वर बघा, वर बघा!" शेवटी यजमानानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

तिथं अदीबा मॅडम म्हणून पोटाच्या डॉक्टर आहेत, छावणीतल्या. त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून ती पुरी काढली. मला वाटलं, सुटलो. तर बाई विचारतात, "गुरुजी, असं पहिल्यांदाच झालं का?" मी म्हटलं, व्हय. तर मागून ललिता, माझी लग्नाची बायको, म्हणते, "खोटं बोलतायत. घासागणिक पाणी लागतं ह्यांना. लग्न झाल्यापासून बघतेय, एका जेवणाला एक तांब्या पुरत नाही."

आता हा काय रोग झाला? मी सावकाश जेवतो. यजमानांत नाव आहे माझं, गुरुजी कसे शांत, सात्त्विक जेवतात म्हणून. लोक पोरांना माझं उदाहरण देतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सात्त्विक ठीक आहे, पण आत मला जे दिसलं ते ठीक नाही." अन्ननलिकेत कड्या पडल्यात म्हणे, एकाखाली एक, आणि उभे चर. ठिकठिकाणचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवलेत.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही. ललिता गुरगुट्या भात वाढते आणि समोर बसून माझ्या गळ्याकडं बघते. रुद्र म्हणतानाही मधेच आवंढा गिळून बघतो, जातोय का. जातो. तरी पुन्हा बघतो.

आईनं आशीर्वाद सांगितलाय. माझ्याकडून काही नाही.

नरहरी


२१ मे २०२५

दादा,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. आई म्हणते पोस्टाचं काही खरं नाही, पुन्हा लिही.

कॅन्सर नाही. आधी तेवढं सांगतो, कारण तुकड्यांचा रिपोर्ट येईपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःचं तेरावंसुद्धा उरकून घेतलं होतं. रोगाचं नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. मी घनपाठ म्हणणारा माणूस, पण हे नाव तोंडात बसायला तीन दिवस गेले.

बाईंनी समजावलं ते असं. रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात. ऍलर्जी असली, जंत असले, की त्या धावून जातात. अन्ननलिकेत त्यांचं काही काम नसतं. माझ्या नळीत मात्र त्यांनी मुक्काम ठोकलाय, कारण रोजच्या खाण्यातलंच काहीतरी त्यांना वैरी वाटतंय. त्यानं आत सूज येते, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली की नळी ताठ होते, अरुंद होते. मी म्हटलं, "मला तर जो तो ऍसिडिटीच्या गोळ्या देत आला." बाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी काही जणांना गुण येतो. तुम्हाला आला नाही. आणि तुकडा काढून बघितल्याशिवाय हे ओळखू येत नाही."

उपाय दोन. एक म्हणजे औषध: दम्याच्या पंपातलंच, पण ओढायचं नाही, गिळायचं, म्हणजे ते नळीला आतून लागतं. त्यात स्टिरॉइड आहे. नाव ऐकलं आणि मी खुर्चीतच सरकलो. बाई म्हणाल्या, ह्यातलं अंगात फार थोडं भिनतं, घाबरण्यासारखं नाही. पण मन कुठं ऐकतंय? दुसरा उपाय पथ्य. दूध आणि गहू पूर्ण बंद, दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडे. पेशी गेल्या असल्या तर एकेक पदार्थ परत सुरू करून वैरी कोणता ते शोधायचं.

"पथ्य!" मी म्हटलं. "मॅडम, आमचा जन्म पथ्यात गेला. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, चातुर्मास. पथ्य कसं पाळायचं ते आम्हाला शिकवता?" बाई हसल्या. "पाळाल हो. पण थोडंसं चालतं, असं मनात आणायचं नाही."

तेव्हा चहा कोरा आणि पोळीच्या जागी भाकरी. पुढं श्रावण येतोय, दिवसाला दोन-दोन पूजा लागतील. पठणाच्या मधे घशाचं काही झालं तर पुढचं कोण म्हणणार, ह्याची धास्ती बसलीय. तुला बोलवत नाही मी. नुसतं सांगतोय.

नरहरी


२३ जुलै २०२५

दादा,

डोकं फिरलंय माझं. गेल्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण झाली, रिपोर्ट काल आला, बाईंनी आज बोलावलं होतं. एवढे दिवस गव्हाचा कण नाही, दुधाचा थेंब नाही, आणि निकाल काय? पेशी जशाच्या तशा! मुक्काम हलवायचं नाव नाही.

मी आधी ललितावर ओरडलो. म्हटलं, गिरणीत ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असणार, तुझं लक्ष नसतं. ती म्हणाली, "माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवायचं नाही. मी येते डॉक्टरांकडं, माझ्यासमोर बोला." आली. आणि माझी जी फजिती झाली ती ऐक.

बाई म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून सांगा."

"स्नान, संध्या, पूजा. मग कोरा चहा."

"पूजा आणि चहा ह्यांच्या मधे?"

"मधे काही नाही. तीर्थ घेतो."

"तीर्थ कशाचं?"

"पंचामृताचं. दूध, दही, तूप, मध, साखर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गुरुजी, तुम्ही मला दुधाचा थेंब नाही म्हणालात."

"नाहीच! तीर्थ कुठं खाण्यात धरतात?"

दादा, तू सांग, आपण कधी धरलंय? अकाली मरण टळो, सगळ्या व्याधी जावोत, असं म्हणत आपण ते तीन वेळा तोंडात घेतो. ते खाणं कसं?

बाईंनी धागा सोडला नाही. यजमानांकडं काय? मी म्हटलं, तिथंही तीर्थ, आणि चिमूटभर प्रसाद. कसला? शिरा. "म्हणजे रवा, म्हणजे गहू. वर दूध आणि तूप. मला सांगू नका, छावणीत आमच्या शेजारी सत्यनारायण असला की पहिला द्रोण आमच्या घरी यायचा." मग म्हणाल्या, "एकादशीला काय खाल्लं?"

"काही नाही. उपास होता."

ललिता म्हणाली, "भगर आणि दही. झोपताना मसाला दूध."

"अगं ते उपासाचं होतं!"

मग बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "या अल्लाह! आमच्याकडं रोज्यात चूळ भरताना चुकून घोट गेला तर माणूस दिवसभर तळमळतो. तुमच्याकडं पेलाभर दूध गेलं तरी उपास! गुरुजी, आजपासून काय खाल्लं ते मला सांगूच नका. ओठाच्या आत काय काय गेलं, तेवढं सांगा."

हसण्यावारी नेलं, पण जाताना म्हणाल्या, दोन महिने फुकट गेले, आता पुन्हा पहिल्यापासून. किंवा औषध घ्या. मी हट्टानं म्हटलं, पथ्यच करतो, आता खरंखुरं.

आणि खरंखुरं किती अवघड आहे, ते तुलाच कळेल. प्रसाद न घेता जी धावली तिच्या नवऱ्याची नाव बुडाली, ही सत्यनारायणाची कथा मीच खड्या आवाजात सांगणार, आणि सांगून झाल्यावर मीच हात आखडता घेणार. परवापासून श्रावण लागतोय. लोक काय म्हणतील? काय म्हणायचं ते म्हणोत, पण देव काय म्हणेल, हे कुणाला विचारू? असल्या प्रश्नाला मला दुसरा माणूस नाही, एवढंच.

निघताना बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हा रोग कधी कधी एकाच घरात फिरतो. मी नाही म्हणालो.

नरहरी


३ ऑगस्ट २०२५

दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. दोन फाडली.

जेवताना सहज आईला म्हटलं, डॉक्टर विचारत होत्या, घरात कुणाला आहे का. आई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तुझ्या मामाला होतं की. सगळी पंगत उठायची तरी त्याचं निम्मं पान व्हायचं. हेमू त्याच्यावरच गेलाय."

मी म्हटलं, "हेमू? हेमूदादाला काय झालंय?"

"तुला दिसत नव्हतं? तोही तांब्या उशाला घेतल्यासारखा शेजारी घेऊन बसायचा."

दादा, मला कसं दिसणार? आपण दोघं शेजारी बसायचो, दोघं सारखेच रेंगाळायचो, आणि लोक म्हणायचे गुरुजींची जोडी बघा कशी सात्त्विक! दोघांना सारखाच रोग असला की रोग कुठला आणि रीत कुठली, कळणार कसं?

मग आई म्हणाली, "अण्णांच्या वर्षश्राद्धाला तो उठला ना, मी दारातून बघत होते. त्याचे डोळे भरले होते, आणि एक हात छातीवर होता. मला वाटलं, अण्णांच्या आठवणीनं."

हातातला घास ताटात टाकून मी उठलो. तेव्हापासून घरात येरझारा घालतोय. ललिता म्हणते, फरशी झिजेल.

अण्णा करोनात गेले. घाटी दवाखान्यातून आपल्याला तोंडही बघू दिलं नाही. अग्नी कुणी दिला माहीत नाही, मंत्र कुणी म्हणाला माहीत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे बाप पोचवले, आणि आपल्या घरचा माणूस पिशवीत बांधून गेला. म्हणून ते वर्षश्राद्ध मी तसं केलं होतं, एक दर्भ इकडचा तिकडं होऊ दिला नाही. अण्णांच्या जागी बसायला तुझ्याशिवाय कुणाचं नाव मनात आलं नाही. तू मामाचा मुलगा, गोत्र वेगळं, शास्त्रालाही चालतं. खीर वाढली, वडे वाढले. श्राद्धाचा ब्राह्मण मुक्यानं जेवतो, तू मुक्यानं जेवत होतास. आणि एकाएकी उठलास. जेवण पुरं झाल्याचं पाणीसुद्धा हातावर घेतलं नाहीस. धोतर सावरत बाहेर गेलास तो गेलासच. मी माझ्या बापाचं अर्धं पान बघत बसलो, मग पिंड दिले, आणि अण्णा अर्धं का होईना जेवले, अशी मनाची समजूत घातली.

सगळ्यांना सांगत सुटलो मी, हेमूनं अण्णांचा अपमान केला. कारण काय, तर यजमानांच्या वाटणीवरून आदल्या दिवशी आपली बाचाबाची झाली होती. मला वाटलं, त्याचाच सूड.

दादा, घास अडकला होता का तुझा? खरं सांग. हो म्हण किंवा नाही म्हण, पण सांग. मला झोप नाही.

नरहरी


१९ ऑगस्ट २०२५

दादा,

शोभतं का तुला हे?

श्रावणातल्या दोन पूजा सोडून मी जीपला लोंबकळत पाचोडला आलो, आणि तू मागच्या दारानं पळालास! तुझ्या शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, "म्हाराज आत्ताच मागून गेले बघा, तुमाला बगून." म्हाराज! साठीला आलास आणि पोरासारखा पळतोस? हे पत्र त्यांच्याच ओसरीवर बसून लिहितोय, त्यांच्याकडंच ठेवून जाणार आहे.

पण बरं झालं पळालास. साळूबाईंनी सगळं सांगितलं. म्हणतात, "म्हाराज लई मोठं व्रत करतेत. दोन वर्सं झाली, अन्न न्हाई. निसतं दूध आन् ताक. भाताची पेज बी गाळून घेतेत. सगळं गाव पाया पडतंय." आणि वर म्हणाल्या, "तेज बगा तोंडावर, हाडं दिसाय लागली तरी तेज हाय."

तेज! डोक्याला हात लावला मी. दादा, गावाला काय सांगायचं ते सांग, मला शिकवू नकोस. व्रतबित काही नाही. तुझ्या नळीतून घास जात नाही. वहिनी गेल्यापासून तुझ्या पानाकडं बघायला घरात कुणी नाही, म्हणून हे इतकं खपलं.

आणि आता नीट वाच. मी अदीबा मॅडमना फोन लावला, इथूनच, ह्या ओसरीवरून. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं पातळावर आहेत म्हणजे नळी बरीच अरुंद झाली असणार. आणि त्यांना तुमच्यासारखंच दूध बाधत असेल, तर ते रोज दोन वेळा दुखण्यालाच खाऊ घालतायत." कळलं? घन जात नाही म्हणून तू दूध पितोस, आणि कदाचित दुधानंच नळी आवळत चाललीय. खात्री नाही त्यांना, बघितल्याशिवाय कुणालाच नसते. पण नळी आतून फुग्यानं रुंद करता येते. औषध आहे. तूर्त दूध बंद कर, पण उपाशी राहू नकोस, गाळलेलं वरण घे, पेज घे. आणि ये. एखाद्या दिवशी थुंकीही जाणार नाही, आणि तू एकटा, दार लावून, गावात व्रताचा बोभाटा! कोण येईल रे वेळेवर?

माझं सांगतो. तीर्थ आता डोळ्यांना लावतो, मस्तकाला लावतो, ओठाला नाही. एका यजमानीणबाईंना राग आला, त्यांनी पुढची पूजा दुसऱ्या गुरुजींना दिली. देऊ देत. काल संध्याकाळी भाकरीचा घास पाण्याशिवाय गेला. मी इतका दचकलो की हातातला दुसरा घास तसाच राहिला. ललिता रडली.

मला तुझा राग आहे का, म्हणशील तर आहे. लई आहे. पण तो तू बरा झाल्यावर. आधी ये.

नरहरी


पाचोड
९ सप्टेंबर २०२५

नरहरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं पोचली. आईचा, म्हणजे आत्याचा, आशीर्वादही पोचला. दूध सोडलं आहे. पाळलं का विचारशील, म्हणून आधीच लिहितो: तीर्थही सोडलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला महिना लागला, कारण ते उत्तर देऊ नये म्हणूनच मी गाव सोडलं होतं.

व्हय, वडा अडकला. उडदाचा वडा, तिसराच घास. श्राद्धात बोलायचं नाही. हातानं खूण केली असती तर तुम्हाला वाटलं असतं, आणखी वाढा म्हणतोय. खरंच, ललितानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खिरीचं पातेलं उचललं. म्हणून उठलो. अंगणात थांबलो नाही. कुंपणाबाहेर गेलो, लिंबाखाली, आणि तिथं उलटलो. वडा, खीर, सगळं. अण्णांच्या नावानं जे पोटात गेलं होतं त्यातलं शितभरही राहिलं नाही.

तुलाही पाठ आहे. पितृस्थानच्या ब्राह्मणाला वांती झाली की श्राद्ध बिघडलं. पितर उपाशी गेले.

मी परत आत येऊन हे तुला सांगणार होतो. दाराशी आलो. तू पिंडांसमोर बसला होतास. करोनानंतर पहिल्यांदा तुझा चेहरा निवलेला दिसला मला. अण्णा अर्धं का होईना जेवले, असं वाटत होतं तुला. मग सांगितलं नाही. म्हटलं, हेमू उद्धट निघाला, एवढंच राहू दे. माझ्यावरच्या रागावर तू जगशील. अण्णा उपाशी गेले, ह्यावर तुला जगता आलं नसतं. तू तसा नाहीस, लहानपणापासून बघतो आहे.

पुढं घास जाईनासा झाला तेव्हा वाटलं, बरोबर आहे. ज्यानं अण्णांचं अन्न टाकलं त्याला अन्न मिळू नये. लोक व्रत म्हणाले, मी नाही म्हणालो नाही. डॉक्टर पेशी म्हणतात, तू म्हणतोस दूध. असेलही. पण माझ्या मनाला ते कारण पुरत नाही.

ये म्हणतोस. येईन. आता चालताना धाप लागते, खोटं कशाला बोलू? पण त्याआधी एक सांग. तू शास्त्र जाणतोस, आणि तू कर्ता होतास, म्हणून तुलाच विचारायचं. अण्णांचं ते श्राद्ध झालं का नाही झालं? नसेल झालं, तर मी कुठल्या तोंडानं औषध मागू?

हेमचंद्र


छत्रपती संभाजीनगर
१२ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र दुपारी आलं. वाचलं, आणि गच्चीवर जाऊन बसलो. मग खाली आलो, पोथी काढली, उघडली नाही, परत ठेवली. पुन्हा काढली. ह्या वेळी उघडली. तू म्हणतोस तसंच आहे तिच्यात. वांती झाली तर श्राद्ध पुन्हा करावं. मग पुन्हा करू, त्यात काय एवढं? अण्णांची तिथी आलीच आहे. ते राहू दे बाजूला.

राग मात्र येतोय, तो लिहून टाकतो. चार वर्षं मी तुला शिव्या दिल्या, आणि तू त्या खाल्ल्यास. कुणी सांगितलं होतं तुला? मी मोडलो असतो तर मोडलो असतो! तू होतास ना शेजारी? दोघं मिळून बसलो असतो लिंबाखाली.

अदीबा मॅडमना सांगितलंय. सोमवारी सकाळी दुर्बीण आहे, पोट रिकामं ठेवून यायचं. बघतील, तुकडे काढतील, नळी फार अरुंद दिसली तर फुग्यानं हळूहळू रुंद करतील, एका वेळेत होणार नाही, पुन्हा पुन्हा यावं लागेल. तू इथंच राहशील, तेव्हा त्याची काळजी नाही. गाडी पाठवतोय, जीपनं यायचं नाही. ललितानं मागच्या खोलीत गादी घातलीय. ती म्हणाली, खिरीचं पातेलं उचललं होतं ते तिलाही आठवतंय, आणि दोन दिवस कुणी तिच्याशी बोलू नये.

कुठल्या तोंडानं औषध मागू म्हणतोस, म्हणून तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं होतं रडेल. रडली नाही, भडकली. म्हणाली, "त्या मूर्खाला लिही. तुझे अण्णा प्रत्येक पंगतीत माझ्या भावाच्या शेजारी बसायचे ते कशाला? त्याचा घास अडकला की पाठीत बुक्की घालायला. एकदा तर पितरांचं पान होतं, तेही टाकून उठले होते. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, जिवंत माणूस आधी."

दादा, अण्णा त्या दिवशी आले असतील, तर तुझ्या पानावर बसून राहिले नसतील. तू उठलास तसे तेही उठले असतील, आणि कुंपणापर्यंत तुझ्यामागं धावले असतील.

नरहरी